इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनाचे शिक्षक-प्रशिक्षण

इंग्रजी हा विषय शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या छात्राध्यापकांना त्या भाषेचे व्याकरण वर्गात कसे हाताळावे, यासंबंधी अध्यापक विद्यालयांतून व महाविद्यालयांतून दिले जाणारे सैद्धांतिक व प्रात्यक्षिक शिक्षण. भाषा वापरता येणे, भाषेच्या रचनेविषयी नेमके सांगता येणे आणि ती रचना शिकणाऱ्याला कोठे व का अडते हे ओळखता येणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्यालाही ‘अ’ व ‘द’ या उपपदांतील भेद विचारला, तर तो बहुधा उदाहरण देतो, स्पष्टीकरण देऊ शकत नाही. दुसरी असली तरी तिसरी तिच्या पाठोपाठ येत नाही. भारतातील प्रशिक्षणाचा इतिहास पाहता पहिल्या दोहोंकडे कमीअधिक लक्ष पुरविले गेले, तिसरीकडे मात्र फारच थोडे. आणि वर्गातील बहुतेक अडचणी तिच्याच अभावी उद्‌भवतात.

एकोणिसाव्या शतकात भारतात इंग्रजीचे अध्यापन मुख्यतः व्याकरण-भाषांतर पद्धतीने होई. नियम पाठ करणे, वाक्याचे पृथक्करण करणे व दोन्ही भाषांत उलटसुलट भाषांतर करणे, हे या पद्धतीचे स्वरूप होते. शतकाच्या अखेरीस जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणाची पुस्तके सर्वत्र रूढ झाली, तर महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजीची ओळख करून दिली. पुढे पी. सी. रेन व एच. मार्टिन यांच्या शालेय व्याकरणाने नेसफील्डची जागा घेतली. हे रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी होते आणि बो जेस्ट (१९२४) या साहसकथेचे लेखक म्हणून इंग्रजी वाचकांना ते अधिक परिचित आहेत. त्यांच्या नावाचे व्याकरण भारतात आजही विकले जाते. ज्या छात्राध्यापकाने शाळेत हे पुस्तक वापरले, तो शिक्षक झाल्यावर तेच पुढे चालवितो. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये या प्रक्रियेला ‘निरीक्षणातून झालेली उमेदवारी’ असे म्हटले. शिक्षक होण्यापूर्वी प्रत्येकाने हजारो तास शिक्षकांना शिकविताना पाहिलेले असते आणि त्या संस्कारापुढे एकदोन वर्षांचे प्रशिक्षण दुबळे ठरते. व्याकरणाच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे, कारण अध्यापनाचा दुसरा नमुना बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

स्वातंत्र्योत्तर काळात ब्रिटिश भाषाशिक्षणतज्ञांच्या, विशेषतः हॅरल्ड पामर व ए. एस. हॉर्नबी यांच्या, कार्याच्या प्रभावाखाली रचनात्मक उपगम भारतात आला. अलाहाबाद येथील इंग्रजी अध्यापन संस्था (१९५६) व हैदराबाद येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश (१९५८) या संस्थांनी त्याचा प्रसार केला. हैदराबादच्या संस्थेचे पुढे केंद्रीय विद्यापीठात रूपांतर झाले. या उपगमात नियम सांगण्याऐवजी वाक्यरचना क्रमवार मांडल्या जात व प्रसंग, चित्रे आणि कृती यांच्या आधारे त्यांचा भरपूर सराव घेतला जाई. प्रशिक्षणाच्या दृष्टीने याचा एक मोठा लाभ झाला : शिक्षकाचे इंग्रजी बेताचे असले, तरी तोलून-मापून दिलेल्या रचना तो बिनचूक शिकवू शके. तथापि त्यातून काही कृत्रिम सवयीही रुजल्या. चालू वर्तमानकाळ शिकविताना शिक्षक दाराकडे चालत जाई आणि चालता चालता ‘आय अ‍ॅम वॉकिंग टू द डोअर’ असे म्हणे. जी गोष्ट समोर दिसते आहे ती कोणी प्रत्यक्ष व्यवहारात सांगत बसत नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. हा काळ सर्वांत आधी व सर्वांत जास्त घोटला गेल्यामुळे ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ यांसारखी वाक्ये विद्यार्थ्यांच्या तोंडी बसली, असे मानण्यास जागा आहे. कारण ‘मला दोन भाऊ आहेत’ या मराठी वाक्यात चालू काळाचे काहीच चिन्ह नाही. अशी चूक मातृभाषेतून आलेली नसून अध्यापनातून आलेली असते आणि ती वेगळी ओळखता येणे हे प्रशिक्षणाचे काम आहे.

याविरुद्धची प्रतिक्रिया बंगलोर येथील प्रादेशिक इंग्रजी संस्थेत एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात चालविलेल्या प्रयोगातून व्यक्त झाली. बंगलोर, मद्रास इ. ठिकाणच्या काही शाळांत राबविलेल्या या प्रयोगात व्याकरणाचा क्रमवार अभ्यासक्रम बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना वेळापत्रक वाचणे, नकाशावरून मार्ग काढणे अशी बौद्धिक कामे दिली गेली. अर्थाकडे लक्ष असताना रचना आपोआप अवगत होते, अशी प्रभूंची धारणा होती. या प्रयोगाने जगभर लक्ष वेधले. परंतु त्याची मागणी शिक्षकाकडून अधिक होती, कमी नव्हे. पाठात पुढे कोणती रचना येणार हे ठरलेले नसल्यामुळे विद्यार्थ्याच्या प्रत्येक वाक्याला तेथल्या तेथे प्रतिसाद देण्याइतके भाषाज्ञान शिक्षकाजवळ असावे लागते. पुढील काळात संप्रेषणात्मक उपगमाचा गवगवा झाला, तेव्हा ‘आता व्याकरण शिकवावयाचे नाही’ एवढाच अर्थ अनेक प्रशिक्षण वर्गांनी त्यातून काढला, हे दुर्दैव होय.

अध्यापक महाविद्यालयांतील प्रत्यक्ष तयारी बव्हंशी पाठ टाचणाभोवती फिरते. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, विषयप्रतिपादन, उपयोजन, गृहपाठ अशा रकान्यांत तासाची आखणी केली जाते. व्याकरणाचा पाठ बहुधा उद्‌गामी पद्धतीने, म्हणजे उदाहरणांकडून नियमाकडे, घ्यावा असे सांगितले जाते. ही पद्धत तत्त्वतः चांगली आहे. मात्र सराव पाठात तिचे स्वरूप ठरीव होते. छात्राध्यापक फळ्यावर चार उदाहरणे लिहितो, अपेक्षित शब्द अधोरेखित करतो, हुशार विद्यार्थ्याकडून नियम वदवून घेतो आणि घंटा होते. उदाहरणे अशीच निवडलेली असतात, की नियमाला बाध येऊ नये. एखाद्या मुलाने नियमात न बसणारे खरेखुरे वाक्य पुढे केले, तर काय करावे याचा विचार टाचणात नसतो. निरीक्षकाचा शेराही बहुधा फलक-लेखन, आवाज व वर्गनियंत्रण यांवर असतो. दिलेले स्पष्टीकरण खरे होते की नाही, हे क्वचितच तपासले जाते. आशययुक्त अध्यापन पद्धती या नावाने बी.एड.च्या अभ्यासक्रमात विषयज्ञान व पद्धती यांची सांगड घालण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, तो याच उणिवेची दखल घेऊन.

मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात ही उणीव काही उदाहरणांनी स्पष्ट करता येईल. पूर्ण भूतकाळ शिकविताना ‘भूतकाळातील दोन क्रियांपैकी आधी घडलेली क्रिया या काळात येते’ हा नियम दिला जातो. विद्यार्थी रिकाम्या जागा अचूक भरतात आणि त्याच आठवड्यात निबंधात ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू सातारा’ असे लिहितात. शिक्षक लाल शाईने ‘हॅड गॉन’ खोडून ‘वेंट’ लिहितो. येथे विद्यार्थ्याने नियम विसरलेला नसतो. तो ‘मी काल साताऱ्याला गेलो होतो’ हे मराठी वाक्य निष्ठेने इंग्रजीत आणत असतो. मराठीतील ‘गेलो होतो’ या रूपाला दुसऱ्या क्रियेची अपेक्षा नसते. जाऊन परत आल्याचा, तो प्रसंग मागे पडल्याचा भाव त्यात असतो. इंग्रजी रूपाला मात्र भूतकाळातील एखादा टप्पा गृहीत धरावा लागतो व त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दाखवावे लागते. रूपे सारखी, कार्ये निराळी. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे, तो दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दहा मिनिटांत जे साधेल, ते लाल शाईने वर्षभरात साधत नाही.

उपपदांची गोष्ट अशीच आहे. मराठीत उपपदे नाहीत, एवढे सांगून बहुतेक पुस्तके थांबतात आणि स्वरापूर्वी ‘अ‍ॅन’ येते या सोप्या भागाकडे वळतात. ‘अ‍ॅन अवर’ व ‘अ युनिव्हर्सिटी’ हे परीक्षकांचे आवडते प्रश्न. परंतु ते उच्चाराचे प्रश्न आहेत, अर्थाचे नव्हेत. वस्तुतः निश्चित-अनिश्चित हा भेद मराठीलाही अपरिचित नाही. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ या वाक्यांतील फरक मराठी मुलाला न शिकविता कळतो : पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात विशिष्ट डॉक्टर हवे आहेत. पहिल्याचे इंग्रजी ‘अ डॉक्टर’, दुसऱ्याचे ‘द डॉक्टर’. मराठीत हा भेद विभक्तिप्रत्ययाने दाखविला जातो, तोही प्रामुख्याने सजीव कर्माच्या बाबतीत, म्हणून तो सहज दृष्टीस पडत नाही इतकेच. तुलना सर्वत्र लागू पडत नाही. ‘सूर्य’, ‘सोने’, ‘शाळेत जाणे’ यांसाठी इंग्रजीचे संकेत स्वतंत्रपणे शिकावे लागतात. पण विद्यार्थ्याला अर्थाचे एक टोक हाती लागते.

परोक्ष कथनाचा घोटाळा अधिक मनोरंजक आहे. ‘बाबा म्हणाले, की मी उद्या येईन’ या मराठी वाक्यातील ‘मी’ म्हणजे बाबा. ‘की’ आले तरी बोलणाराची दृष्टी कायम राहते. त्याचे शब्दशः इंग्रजी केल्यास ‘आय’ म्हणजे वाक्य सांगणारा मुलगा होतो व येणारा माणूसच बदलतो. शाळेत मात्र हा भाग सर्वनाम, काळ व कालवाचक शब्द बदलण्याच्या कोष्टकाने शिकविला जातो. दृष्टिकोन बदलतो म्हणून शब्द बदलतात, हे कारण सांगितलेच जात नाही. प्रश्नार्थक रचनेत ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे होते, कारण मराठीत शब्दक्रम न बदलता प्रश्न विचारता येतो. याउलट काही ठिकाणी मराठीचे वैभव मदतीला येते. ‘रामने आंबा खाल्ला’, ‘रामने चिंच खाल्ली’ असे क्रियापद कर्माप्रमाणे फिरविणाऱ्या मुलाला इंग्रजीतील एकट्या तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘स’ ही फार मोठी गोष्ट नाही. तरी तो गळतो, कारण अर्थाला तो लागत नाही. त्यासाठी स्पष्टीकरणापेक्षा सराव हवा. कोठे समजावणे व कोठे घोटून घेणे, याचा विवेक शिक्षकाला यावा लागतो.

परिभाषेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. दादोबा पांडुरंग यांच्या मराठी व्याकरणापासून (१८३६) शालेय मराठी व्याकरणाची मांडणी इंग्रजीच्या धर्तीवर होत आली असल्याने शब्दांच्या आठ जाती दोन्ही विषयांत जवळजवळ एकाच चौकटीत शिकविल्या जातात. मराठीचा व इंग्रजीचा शिक्षक यांनी एकत्र बसून संज्ञा जुळविल्या, तर विद्यार्थ्याचे श्रम वाचतात. तशी सोय प्रशिक्षणातच व्हावयास हवी. तेथे मात्र दोन्ही अध्यापन पद्धतींचे तास वेगवेगळ्या खोल्यांत होतात.

चुकांकडे पाहण्याची दृष्टी पिट कॉर्डर यांच्या १९६७ मधील लेखनाने पालटली. चूक ही निष्काळजीपणाची खूण नसून शिकणाऱ्याच्या मनातील तात्पुरत्या नियमाचा पुरावा असते, असे त्यांनी दाखविले. यावरून प्रशिक्षणातील एक उपयुक्त अभ्यास सुचतो : छात्राध्यापकांना आदर्श वाक्यांऐवजी विद्यार्थ्यांच्या वह्यांतील परिच्छेद द्यावेत, चुकांचे वर्गीकरण करावयास लावावे व प्रत्येकीमागील नियम शोधावयास सांगावे. स्टीफन अँड्रूझ यांनी हाँगकाँगमधील इंग्रजी शिक्षकांच्या अभ्यासावर आधारलेल्या ग्रंथात (२००७) शिक्षकाच्या अशा भाषाविषयक जाणिवेचे विवेचन केले आहे. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या सूक्ष्म अध्यापनाचाही येथे उपयोग होतो, मात्र त्यातील कौशल्य ‘प्रश्न विचारणे’ एवढ्यावर न थांबता ‘अनपेक्षित वाक्याला उत्तर देणे’ असे ठेवले पाहिजे.

इंग्लंडमधील अनुभव उलट प्रकारचा आहे. तेथे शाळांतून औपचारिक व्याकरण मागे पडल्यामुळे नव्या शिक्षकांनाच ते ठाऊक नव्हते. किंगमन समितीच्या अहवालानंतर (१९८८) शिक्षकांना भाषेचे ज्ञान देण्यासाठी एक राष्ट्रव्यापी प्रकल्प १९८९ ते १९९२ या काळात राबविण्यात आला; परंतु त्याचे साहित्य प्रसिद्ध करण्यास शासनाने नकार दिला, कारण त्यात नियमांच्या कवायतीपेक्षा भाषेच्या सामाजिक वापराला महत्त्व दिलेले होते. २०१३ पासून प्राथमिक शाळेच्या अखेरीस व्याकरणाची स्वतंत्र चाचणी सुरू झाल्यावर अनेक शिक्षकांना संज्ञा नव्याने शिकाव्या लागल्या. भारतीय छात्राध्यापकाला संज्ञांची वाण नाही. त्यांचा विद्यार्थ्याच्या वाक्याशी संबंध जोडणे त्याला जमत नाही.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी सुरू झाल्याने हा प्रश्न प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोहोचला. त्यांपैकी पुष्कळांचे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आहे. इंग्रजी कमी येते म्हणून ते संकोचतात. पण मुलांची भाषा आतून जाणणारा शिक्षक हाच वरील तुलना करू शकतो, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांना नियम सांगावयाचे नसतात. गाणी, गोष्टी व सूचना यांतून रचना कानावर पडाव्यात एवढे पुरे असते. शिक्षकाला मात्र आपण कोणती रचना ऐकवीत आहोत, हे कळले पाहिजे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला व छात्रसेवाकाल वाढला. वाढलेला हा वेळ अधिक टाचणे लिहिण्यात जातो, की एकाच वर्गाच्या वह्या सलग काही महिने तपासून त्यांतील चुका कशा बदलत जातात हे पाहण्यात, हे बहुतांशी महाविद्यालयातील इंग्रजी अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकावर अवलंबून राहते.