लँडलाइन गेली, तिच्यासोबत येणारी वीजही गेली

नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत काय, जुन्या घरांच्या बैठकीत टेलिफोनचा चौकोनी डबा अजून भिंतीला चिकटलेला दिसतो. त्यावर रंगाचे दोन-तीन हात बसले आहेत, त्यात येणारी तार केव्हाच तुटली आहे. घरात प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आल्यावर लँडलाइनचं भाडं कशाला भरायचं, असा सरळ हिशेब होता. २००५-०६च्या सुमारास देशात चार कोटींहून अधिक लँडलाइन होत्या. २०२०पर्यंत त्या जवळपास निम्म्यावर आल्या. हिशेब चुकीचा नव्हता. पण त्या तारेतून आवाजाबरोबर वीजही घरात येत होती, ती त्यात धरायची राहून गेली.

तारेची जोडी तांब्याची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची. तिचं दुसरं टोक एक्स्चेंजमध्ये. तिथे दोन-दोन व्होल्टचे चोवीस लेड-ॲसिड सेल ओळीने जोडलेले असत. त्यांचे होणारे ४८ व्होल्ट सगळ्या ग्राहकांच्या लाइनवर कायम हजर. रिसिव्हर उचलला की मंडल पूर्ण होई, काही मिलिअँपियर प्रवाह वाहू लागे आणि एक्स्चेंजला कळे की या घराला बोलायचं आहे. तेवढ्याच प्रवाहावर माइक चाले, बटणांचे सूर उमटत, आवाज पलीकडे जाई. घंटी वाजवायला एक्स्चेंज सुमारे ७५ व्होल्टचा वेगळा प्रवाह पाठवी. डब्यातल्या उघड्या तारांना हात लागलेला असताना नेमका फोन आला, तर बसणारा झटका प्रत्येक लाइनमनच्या ओळखीचा आहे.

म्हणून लाइट गेली तरी फोन चालू राही. मराठवाड्याने भारनियमनाची वर्षं भोगली आहेत. खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि तरीही रिसिव्हर कानाला लावला की डायल टोन येई. घरच्या विजेचा त्याच्याशी संबंधच नव्हता. एक्स्चेंजची बॅटरी, तिच्या मागे जनरेटर आणि त्याच्या डिझेलची चिंता करणारा एक कर्मचारी, अशी ती साखळी होती. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ पोर्टचं छोटं एक्स्चेंज बनवलं, ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असंच.

तारेलाही तिचे शत्रू होते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. जमिनीतल्या केबलचे जोड त्या हालचालीने ताणले जातात, ओल आत शिरते, मग लाइनवर खरखर येते किंवा ती डेड होते. ओलीत विद्युतप्रवाह गळू लागला की धन बाजूचा धातू झिजतो. तो झिजू नये म्हणून एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला आणि ऋण टोक लाइनला जोडत. एवढी काळजी घेऊनही पहिल्या पावसात फोन बंद पडत, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलं आहे.

मोबाइलचा कॉल लागायला तीन गोष्टी एकाच वेळी जिवंत असाव्या लागतात: हातातल्या फोनची बॅटरी, टॉवरची वीज आणि टॉवरला पुढे जोडणारी फायबर किंवा मायक्रोवेव्हची वाट. टॉवरची यंत्रणाही बहुधा ४८ व्होल्टवरच चालते. पण गावाबाहेरच्या टॉवरवर सहसा माणूस नसतो आणि बॅटरी मोजके तास पुरते. ऑगस्ट २०२५मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावांत पाणी शिरलं. अशा वेळी डीपी पाण्यात जाते, पुरवठा बंद ठेवावा लागतो आणि टॉवरच्या बॅटरीची घटका भरू लागते. टॉवरपर्यंत डिझेल पोचवायला रस्ताही उरलेला नसतो.

सिग्नलचं शास्त्रही लक्षात घ्यायला हवं. माळवदाच्या घराच्या दोन-दोन फूट जाड दगड-मातीच्या भिंती रेडिओ लहरी शोषतात आणि पत्र्याचं छत त्या परतवून लावतं. लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितकी भिंत भेदण्याची ताकद साधारणपणे कमी. सिग्नल कमजोर झाला की फोन जास्त शक्ती लावून टॉवरशी बोलतो, म्हणून आतल्या खोलीत बॅटरी लवकर उतरते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी भूकंपाने हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा भारतात मोबाइल नव्हता. देशातला पहिला मोबाइल कॉल त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी लागला. २१ मार्च २०२४ला सकाळी हिंगोलीजवळच्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने नांदेडकरांना जाग आली, तोवर घराघरांत मोबाइल होते. जमीन हलली की सगळे एकदम फोन लावतात, आणि टॉवरकडे एका वेळी बोलण्याच्या जागा मर्यादित असतात. एसएमएसला फार थोडी जागा लागते, वाट मोकळी होईपर्यंत तो थांबून राहतो आणि मग पोचतो. म्हणून आपत्तीत ‘सुखरूप आहे’ एवढा एसएमएस कॉलपेक्षा खात्रीचा.

मोबाइलने दिलेलंही थोडं नाही. शेतात साप चावलेल्या माणसाला बांधावरून १०८ला फोन करता येतो. विजांच्या कडकडाटात तांब्याच्या लाइनमधून झटका रिसिव्हरपर्यंत येऊ शकतो. चार्जरला न लावलेल्या मोबाइलला तो धोका नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्याची नितांत गरज आहे. २०२३मध्ये देशभर फोन अचानक मोठ्याने वाजले, ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. त्यात टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश देतो, त्यामुळे गर्दीचा अडथळा येत नाही.

आता फायबरसोबत लँडलाइन पुन्हा घरात येते आहे, पण ती जुनी लँडलाइन नव्हे. काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, फोन चालवणारी वीज येत नाही. घरातला मोडेम लाइटवर चालतो; लाइट गेली की इंटरनेट आणि फोन दोन्ही बंद. त्या मोडेमला छोटा यूपीएस जोडला तरच ही लँडलाइन अंधारात बोलेल.

कनेक्शन परत केल्याची खंत करण्याचं कारण नाही. मात्र पूर्वी एक्स्चेंजने उचललेली विजेची जबाबदारी आता आपल्या घरावर आली आहे, हे मान्य करून चार कामं करायला हवीत. पावसाळ्यापूर्वी एक पॉवर बँक आणि एक बटणांचा साधा फोन भरून ठेवा. साध्या फोनची बॅटरी कितीतरी जास्त टिकते. घरात शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असू द्या. लँडलाइनचा पत्ता एक्स्चेंजच्या दप्तरी असे, मोबाइलचा नेमका ठावठिकाणा नसतो. म्हणून ११२ला फोन करताना लोकेशन चालू ठेवा आणि गाव, वस्ती, जवळची खूण आधी सांगा. आपल्या कंपनीचा सिग्नल नसला तरी ११२चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा.

पाचवं काम गावाने मिळून करायचं आहे. आपल्या टॉवरची बॅटरी किती तास चालते, जनरेटर आहे का आणि पुरात तिथे डिझेल कोण पोचवणार, हे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारा आणि त्यांची उत्तरं लेखी मागा.