जुगाड चाललाय, पण धंदा चालेल का? दहावा पीस बनवून बघा!



प्रत्येक गावात एक तरी असा माणूस असतो. भंगारातून काहीतरी आणतो, रात्री अकरापर्यंत वेल्डिंग करतो, घरचे ओरडतात, शेजारी हसतात. आणि एक दिवस त्याची वस्तू चालायला लागते. मग तेच शेजारी मोबाईल काढून व्हिडिओ करतात आणि म्हणतात, "अरे, याचा धंदा टाक!"

तुम्ही जर तो माणूस असाल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. नोकरी सोडण्याआधी, सोनं गहाण ठेवण्याआधी एकदा शांतपणे वाचा.

देवराष्ट्रेची जीप आठवते?

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी जुन्या सुट्या भागांतून छोटी जीप बनवली. दुचाकीचं इंजिन, आणि गाडी सुरू करायला चक्क किक! खर्च साधारण ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि आनंद महिंद्रांपर्यंत पोहोचला.

त्यांनी कौतुक केलं, पण सोबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाणार. म्हणून त्यांनी या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली आणि त्यांची जीप महिंद्रा कंपनीकडे गेली.

गोष्ट छान आहे. लोहारांनी ती विकायला बनवलीच नव्हती, त्यामुळे त्यांचं काम पूर्ण झालं. पण हा व्हिडिओ बघून "मीही अशा गाड्या बनवून विकतो" म्हणणारे आमच्या बॅचला येतात, तेव्हा मला माझेच दिवस आठवतात.

माझे ४० दिवे

२००६ साल. लोडशेडिंग जोरात. आमच्या तालुक्याच्या गावी रोज कित्येक तास लाईट नसायची. मी घरी एक इमर्जन्सी दिवा बनवला. ६ व्होल्टची छोटी सीलबंद बॅटरी, पांढऱ्या एलईडींची पट्टी, साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर आणि स्टीलच्या डब्याची बॉडी. माझ्या टेबलावर तो मस्त चालला. पाहुण्यांनी मागितला, मग दुकानदाराने मागितले. मी ४० दिवे बनवले आणि ४५० रुपयांना एक असे विकले. वाटलं, आपण उद्योजक झालो!

तीन महिन्यांत ११ दिवे परत आले. बॅटरी मेलेली.

कारण काय? मला माहीत होतं की दिवा मंद व्हायला लागला की बंद करायचा आणि लगेच चार्जिंगला लावायचा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरवून तशीच ठेवली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. गिऱ्हाईक दिवा पार विझेपर्यंत वापरायचं आणि दोन दिवस तसाच कोपऱ्यात ठेवायचं. त्याची काय चूक? दिवा विझेपर्यंतच तर वापरायचा असतो!

११ जणांचे ४,९५० रुपये मी परत केले. ते बायकोच्या भिशीचे होते. आणि ज्या दुकानदाराने विश्वासाने माल ठेवला, त्याने पुढे दोन वर्षं माझी कुठलीच वस्तू काउंटरवर ठेवली नाही. हे नुकसान पैशांपेक्षा मोठं.

नंतर कळलं, बॅटरी ठराविक व्होल्टेजच्या खाली गेली की दिवा आपोआप बंद करणारं सर्किट तेव्हा ३५ रुपयांत बसलं असतं. ते मी बसवलं नाही, कारण माझ्या घरी ते काम मी स्वतः करत होतो.

मित्रांनो, आजचा सगळा लेख या एका वाक्यात आहे: घरी बनवलेल्या यंत्रात एक पार्ट असा असतो जो डोळ्यांना दिसत नाही. तो पार्ट म्हणजे तुम्ही. वायर कुठे हलवायची, आवाज बदलला की काय करायचं, किती वेळ चालवायचं, हे तुमच्या हातांना माहीत असतं. वस्तू विकली की हा पार्ट तुमच्याच घरी राहतो. त्याच्या जागी दुसरं काहीतरी बसवणं, यालाच प्रॉडक्ट बनवणं म्हणतात.

उदाहरण घेऊ: अंडी उबवण्याची पेटी

ही पेटी आज खेडोपाडी बनते. गावरान कोंबडीला मागणी आहे, खुडूक कोंबडी वेळेवर मिळत नाही, म्हणून लोक थर्माकोलच्या पेटीत बल्ब, छोटा पंखा आणि टेम्परेचर कंट्रोलर बसवतात. पंखा असलेल्या पेटीत तापमान साधारण ३७.५ अंश, आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, नंतर ६५ ते ७० टक्के. अंडी रोज काही वेळा फिरवायची, १८ दिवसांनंतर फिरवणं बंद. २१ व्या दिवशी पिल्लं!

तुमच्या घरी पिल्लं निघाली. आता ही पेटी दुसऱ्याच्या घरी गेली तर काय काय बिघडेल?

१. रिले चिकटतो. स्वस्त कंट्रोलरमधला रिले दिवसात शेकडो वेळा चालू-बंद होतो. एक दिवस त्याचे पॉइंट चिकटतात आणि बल्ब चालूच राहतो. अंडी उकडतात. तुम्ही घरी येता-जाता बघत होता म्हणून वाचलात. उपाय: तापमान जास्त झालं की बल्बचा पुरवठा तोडणारा दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट.

२. बल्ब उडतो. रात्री दोन वाजता. उपाय: एका मोठ्या बल्बऐवजी दोन छोटे.

३. लाईट जाते. उपाय: १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी सोय. नसेल तर किमान गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगा की पेटी किती वेळ ऊब धरते. आणि तो वेळ स्वतः मोजून सांगा, अंदाजाने नाही.

४. शॉक लागतो. पेटीत पाण्याची वाटी आहे आणि २३० व्होल्टची वायरही आहे. हात घालणारा कदाचित घरातला लहान मुलगा असेल. उपाय: तीन पिनचा प्लग, धातूच्या भागांना अर्थिंग, फ्यूज, उघडा जोड एकही नाही. १२ व्होल्टसाठी ॲडॅप्टर स्वतः बनवू नका, बीआयएसची खूण असलेला तयार घ्या.

बघा, यात नवा शोध एकही नाही. पण ज्याच्या पेटीत हे चार उपाय आहेत, त्याची पेटी तालुक्यात चालेल. कारण गिऱ्हाइकाचे पन्नास अंड्यांचे पैसे आणि २१ दिवस तुमच्या त्या रिलेवर अवलंबून असतात.

आता हिशोब. इथेच बहुतेक जण फसतात

५० अंड्यांच्या पेटीचा एक नमुना हिशोब मांडू. तुमच्या भागात भाव वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील.

सामान: पेटी ३५०, कंट्रोलर १५०, होल्डर-बल्ब-वायर २००, पंखा आणि ॲडॅप्टर २५०, आर्द्रतामापक १५०, ट्रे आणि जाळी २००. एकूण १,३०० रुपये.

आपला माणूस म्हणतो, "२,००० ला विकतो, ७०० सुटले!"

थांबा. तुमचे सहा तास कोण मोजणार? ८० रुपये तासाने धरले तरी ४८० रुपये. पॅकिंग आणि गाडीभाडं १५०. जागा, लाईटबिल, हत्यारांची झीज १५०. दहातली एक पेटी बदलून द्यावी लागेल असं धरा, त्याचे प्रत्येक पेटीमागे १३० रुपये. बेरीज झाली २,२१०.

म्हणजे २,००० ला विकलेल्या प्रत्येक पेटीमागे तुम्ही खिशातले २१० रुपये गिऱ्हाइकाला देताय! जितकी विक्री जास्त, तितका तोटा जास्त. त्यात वर सांगितलेले सुरक्षेचे पार्ट अजून धरलेलेच नाहीत.

मग भाव ३,००० पर्यंत न्यावा लागतो. तो गिऱ्हाईक देईल का? देईल, जर वॉरंटी कार्ड, मराठीतलं माहितीपत्रक आणि फोन उचलणारा माणूस असेल तर. नाही देणार असं दिसलं, तर तो धंदा नाही, छंद आहे. छंद वाईट नसतो, फक्त त्याच्यासाठी कर्ज काढू नका.

गाडी बनवणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या

गाडीची गोष्ट वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीमालकाला मनाने करता येत नाही. नवीन गाडी बनवून विकायची तर त्या मॉडेलची एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. एआरएआय आपल्या पुण्यातच आहे, पण तो खर्च गॅरेजवाल्याच्या आवाक्यातला नसतो. आणि अशा गाडीने अपघात झाला तर? विमा नाही, आणि जबाबदारी बनवणाऱ्यापर्यंत येऊ शकते.

म्हणजे दार बंद? नाही. दार बदला.

गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांचं उदाहरण घ्या. बैल सांभाळणं परवडत नव्हतं, तेव्हा त्यांनी बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे शेतीची अवजारं जोडता येतील अशी रचना केली. नांगरट, कोळपणी, पेरणी, सगळं त्यावर. लोक तिला बुलेट सांती म्हणतात. तिला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळालं. गंमत बघा, लोहारांची जीप आणि ही सांती, दोन्हींत दुचाकीचंच इंजिन. पण सांतीचं काम शेतातलं होतं, आणि ज्याला ती हवी होती त्याचा रोजचा खर्च ती वाचवत होती.

तेव्हा तुमचा हात वेल्डिंगवर आणि इंजिनवर बसलेला असेल, तर रस्ता सोडून शेत, गोठा, वर्कशॉप इथे बघा. कडबाकुट्टी, फवारणीची ढकलगाडी, पोती चढवण्याची लिफ्ट. ई-सायकल करायची असेल तर नियम नीट वाचा. मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि वजनासह इतर अटी पाळल्या असतील, तर ती मोटार वाहनात धरत नाहीत. मात्र ही सूट आहे हे ठरवायलाही त्या मॉडेलला चाचणी संस्थेची मान्यता लागते.

व्हिडिओ टाकण्याआधी एक मिनिट!

मीच व्हिडिओ चॅनेलवाला आणि मीच हे सांगतोय. तुमच्या वस्तूत खरंच नवीन काही असेल, तर आधी पेटंटचा विचार करा, मग व्हिडिओ टाका. एकदा तुम्हीच ती जगजाहीर केली की "नवीन" हा मुद्दाच अडचणीत येतो. तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. वैयक्तिक अर्जदाराला त्याची ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. वकिलाचा खर्च वेगळा. पण वर सांगितलेल्या पेटीसारखी वस्तू असेल, तर पेटंटच्या मागे लागू नका. तिथे तुमचं नाव आणि सर्व्हिस हेच पेटंट.

मदत हवी असेल तर दोन ठिकाणं लक्षात ठेवा. तळागाळातल्या संशोधकांसाठी अहमदाबादजवळ नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे. आणि शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. हाताने काम करत शिकणं हीच तिथली पद्धत, आणि तिथे फॅब लॅबही आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. कर्ज-अनुदानाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. पण कधी? खालचा होमवर्क झाल्यावर!

तुमचा होमवर्क

१. तीन पीस बनवा. तिघांना द्या, पण असे तिघे निवडा ज्यांना तुमचं काम माहीत नाही. नातेवाईक नकोत, ते खरं बोलत नाहीत.

२. वस्तू देताना तोंडी काही सांगू नका. फक्त एका कागदावर सूचना लिहून द्या. कुठे अडले ते वहीत टिपा.

३. एक महिना थांबा. प्रत्येक बिघाडापुढे लिहा: "माझ्या घरी हे का झालं नव्हतं?" उत्तर "मी लक्ष ठेवत होतो" असं आलं, तर तिथे एक पार्ट बसवायचाय.

४. सुधारणा करून आणखी सात बनवा, पूर्ण पैसे घेऊन विका. दहाव्या पीसला किती तास लागले आणि किती खर्च आला ते लिहा. तुमची खरी किंमत त्या आकड्यावरून ठरवा, पहिल्या पीसवरून नाही.

५. या दहा पीसमध्ये पैसे सुटले आणि एक तरी गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन आलं, तर मग नोकरी सोडायचा विषय घरी काढा.

माझा त्या ४० दिव्यांतला एक दिवा अजून माझ्या ऑफिसच्या कपाटावर आहे. परत आलेल्या अकरांपैकी. नवीन बॅचला मी तो हातात देतो आणि विचारतो, "यात काय कमी आहे सांगा?" सगळे वायर बघतात, बॅटरी बघतात. कमी काय आहे ते तुम्हाला आता माहीत आहे.

कामाला लागा. भेटू पुढच्या भागात.