काडतुसाची निवड

लखनौ शहराच्या वायव्येस, काकोरीच्या परिसरात, रहमानखेडा नावाचे ठिकाण आहे. आंबा आणि तत्सम फळझाडांवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या विस्तीर्ण बागा तेथे आहेत. २०१२ च्या जानेवारीत या बागांच्या आश्रयास एक वाघ आला व सुमारे साडेतीन महिने तेथेच राहिला. अखेर एप्रिल महिन्यात वनखात्याच्या माणसांनी त्याला भुलीचे औषध देऊन पकडले आणि दुधवाच्या जंगलात नेऊन सोडले. २०२४ च्या डिसेंबरात त्याच परिसरात पुन्हा एक वाघ दिसू लागला. तो ५ मार्च २०२५ रोजी हाती लागला.

बंदुका जवळ असताना एक वाघ पकडावयास तीन महिने का लागावेत, असा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी बंदुकीत नसून बंदुकीत काय भरावे या विचारात आहे. हा विचार जुना आहे. शिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो केला, आणि जेथे तो नीट झाला नाही तेथे त्याची किंमत भलत्यांनाच मोजावी लागली.

काडतूस या वस्तूशी लखनौचा संबंध इतिहासात नमूद आहे. १८५७ च्या मे महिन्याच्या आरंभी येथील मूसाबाग छावणीत सातव्या अवध पलटणीच्या शिपायांनी काडतुसे घेण्याचे नाकारले आणि सर हेन्री लॉरेन्स याने ती पलटण निःशस्त्र केली. त्या वर्षी ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून देशभर वणवा पेटला, ते काडतूस म्हणजे कागदाची एक सुरळी होती. तिच्यात मोजून घेतलेली दारू आणि शिशाची गोळी असे. सुरळी दातांनी फाडून दारू नळीत ओतावयाची आणि गोळी गजाने ठासावयाची, अशी रीत होती. रायफलीच्या नळीत आतून पेचदार आटे असतात. त्यांच्यामुळे गोळीला फिरकी मिळते व ती सरळ जाते. परंतु दारूच्या काजळीने हे आटे भरून जात. गोळी सुलभपणे उतरावी म्हणून कागदास वंगण लावीत. या वंगणात गाईची व डुकराची चरबी आहे, ही वार्ता पसरली आणि पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे.

त्यानंतरच्या अवघ्या तीस वर्षांत काडतुसाचे रूप पार पालटले. कागदाच्या जागी पितळेची पुंगळी आली. तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी, अशी एकसंध वस्तू तयार झाली. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू सिद्ध केली. काळ्या दारूपेक्षा तिचे बळ फार मोठे. परिणामी गोळी बारीक करता आली आणि तिचा वेग वाढविता आला. मोठे जनावर मारावयाचे तर मोठी गोळी हवी, हा शिकाऱ्यांचा जुना आडाखा येथे प्रथम डळमळला.

आकड्यांनी ही गोष्ट स्पष्ट होईल. नेमबाजीच्या सरावासाठी वापरण्यात येणाऱ्या .२२ इंच मापाच्या काडतुसातील गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते व सेकंदास सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. तिची गतिज ऊर्जा सुमारे १४० ज्यूल भरते. भारतात सर्वपरिचित असलेल्या .३१५ इंची काडतुसाची गोळी सुमारे १६ ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदास ६०० मीटरांहून किंचित अधिक असतो. तिची ऊर्जा ३००० ज्यूलच्या घरात जाते. आता .२७५ इंची रिग्बी रायफलीची गोळी पाहा. वजन अवघे ९ ग्रॅम. पण वेग सेकंदास ८०० मीटरांहून अधिक. तिचीही ऊर्जा सुमारे ३००० ज्यूलच येते! मग या दोन गोळ्या सारख्याच समजावयाच्या काय? तसे नाही. वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. तो जड गोळीत अधिक असतो. म्हणून जाड कातडी आणि भक्कम हाड भेदून आत जाण्यास जड गोळी बरी. हलकी व वेगवान गोळी सरळ रेषेत अधिक दूर जाते, तिचा नेम साधणे सोपे पडते, आणि खांद्यास बसणारा धक्काही कमी असतो. हा शेवटचा गुण क्षुल्लक वाटतो, परंतु तो क्षुल्लक नाही. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढताना नकळत डोळे मिटतो, आणि मग उत्तमातले उत्तम काडतूसही व्यर्थ ठरते.

ऊर्जा कितीही असली तरी ती खर्च कोठे होते, हा प्रश्न उरतोच. संपूर्ण तांब्याच्या किंवा पोलादाच्या वेष्टनात असलेली गोळी जनावराच्या देहातून आरपार निघून जाते आणि बरीचशी ऊर्जा बरोबर घेऊन जाते. टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी आत शिरताच अळंब्यासारखी पसरते व तेथेच थांबते. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा गोळ्या सैन्यासाठी बनविण्यात आल्या. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात त्यांचा वापर निषिद्ध मानला. शिकारीत मात्र नेमकी हीच गोळी दयेची ठरते. कारण जनावर तत्काळ मरते, जखम घेऊन रानात भटकत राहत नाही.

जखमी जनावर म्हणजे काय, हे कुमाऊंने पाहिले आहे. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट याने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या बळींची संख्या ४३६ सांगितली जाते. तिच्या तोंडाची पाहणी केली तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. खालचा तर पार हाडापर्यंत. जुन्या बंदुकीच्या गोळीने ते मोडले असावेत आणि त्यामुळेच नेहमीचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले असावे, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. ती गोळी कोणाची होती, हे कधीच कळणार नाही. तो शिकारी आपण वाघावर बार टाकल्याचे सांगत कदाचित घरी सुखाने म्हाताराही झाला असेल.

त्या दिवशी स्वतः कॉर्बेटजवळ तीनच काडतुसे होती. ती संपली तरी वाघीण उभीच होती. त्याने धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक मागून आणली व तिचा बार टाकला. ती गोळी वाघिणीच्या पंजाला चाटली. वाघीण पडली ती आधीच्या गोळ्यांनी. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला भेट दिली, ती वर उल्लेखिलेली .२७५ ची रिग्बी.

तीन काडतुसे अपुरी पडली हे वाचून कोणासही वाटेल की, अशा प्रसंगी अर्धस्वयंचलित रायफल असती तर बरे झाले असते. अशा रायफलीत चाप एकदा ओढला की एकच बार होतो. परंतु रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि नवे काडतूस आत घेणे ही कामे रायफल आपली आपण करते. हे बळ ती काडतुसापासूनच घेते. कोठे धक्क्याचा उपयोग करतात, कोठे नळीस बारीक छिद्र पाडून जळलेल्या दारूचा थोडा वायू एका दट्ट्याकडे वळवितात. येथे निवडीचा प्रश्न दुहेरी होतो. साध्या रायफलीचे काडतूस केवळ सावजास अनुरूप असले की पुरे. अर्धस्वयंचलित रायफलीचे काडतूस यंत्रासही मानवले पाहिजे. दारू दुबळी असेल तर यंत्र अर्ध्यावर अडते. ती फार सावकाश जळणारी असेल तर गोळी छिद्रापाशी पोहोचते तेव्हाही वायूचा दाब अवाजवी राहतो आणि दट्ट्यावर नको तेवढा आघात होतो. अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीत शिकारीची जड गोळ्यांची काडतुसे बेताल वापरल्यास तिचा चालक दांडा वाकतो, ही गोष्ट तिच्या वापरणारांस चांगली ठाऊक आहे.

पुंगळीच्या आकाराचेही तसेच. .३१५ च्या पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेल्या काडतुसांच्या अशा कडा एकमेकींत अडकण्याचा संभव असतो. म्हणूनच १९०६ मध्ये जॉन ब्राउनिंगच्या रचनेची अर्धस्वयंचलित शिकारी रायफल रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणली, तेव्हा तिच्यासाठी बाहेर कड नसलेली नवी काडतुसे तयार केली. कडेच्या काडतुसावर अशी रायफल चालतच नाही असे मात्र नव्हे. रशियनांनी ड्रॅगुनोव्ह रायफलीत ते साधले आहे. पण त्यासाठी मॅगझिनच्या बांधणीवर फार कष्ट घ्यावे लागले.

भारतात ही निवड बंदूकवाल्याच्या हाती फारशी कधीच नव्हती. इंग्रजी अमलात सैन्याचे .३०३ काडतूस खासगी माणसास मिळू नये असा कटाक्ष होता. तेव्हा रायफल बनविणारांनी ऑस्ट्रियाच्या सैन्याचे जुने ८ मिलिमीटरचे काडतूस उचलले, आणि तेच .३१५ या नावाने येथे रूढ झाले. म्हणजे ते वाघाकडे पाहून निवडलेले नव्हते. कायद्याकडे पाहून निवडलेले होते. स्वातंत्र्यानंतर त्याची रायफल ईशापूरच्या कारखान्यात आणि काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. मोठ्या मापाची अर्धस्वयंचलित रायफल आजही सामान्य परवानाधारकास मिळत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंद म्हणून शिकार करणेच बंद झाले. माणसाच्या जिवावर उठलेले जनावर मारण्याची परवानगी या कायद्यात आहे. पण ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी आणि कारणे नमूद करून द्यावी लागते. वाघासारख्या प्राण्याच्या बाबतीत तर तो पकडता येत नाही, भूल देता येत नाही व हलविताही येत नाही, अशी खात्री झाल्यावाचून ती देता येत नाही. उत्तर प्रदेशापुरता हा अधिकारी लखनौतच बसतो.

म्हणून रहमानखेड्याच्या बागेत जी बंदूक नेण्यात आली तिच्यात गोळी नव्हती, औषधाने भरलेली सुई होती. परंतु हिशेब तोच राहतो, फक्त उलटा. गोळीची ऊर्जा पुरेशी हवी; सुईची ऊर्जा पुरेशी हवी आणि बेताचीही हवी. दाब कमी पडला तर सुई वाटेतच खाली येते किंवा कातडीवरून उसळते. दाब अधिक झाला तर ती हाड मोडू शकते, पोटात घुसू शकते. आणि ज्याला जगवावयाचे त्याचाच घात होतो. सुई जड आणि मंदगती असल्याने तिचा मार्ग बराच वाकडा असतो. अंतराचा अंदाज थोडा चुकला की नेम चुकला. त्यातच वाघाचे वजन लांबूनच अजमावून औषधाची मात्रा आधी ठरवावी लागते. मांडी किंवा खांदा यांवरील जाड स्नायू एवढेच तिचे लक्ष्य.

सुई लागल्यावरही वाघ जागच्या जागी पडत नाही. औषध भिनण्यास दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात तो झाडीत कोठवर जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. त्याचा माग सोडून चालत नाही, आणि फार जवळ जाऊनही चालत नाही. २०२५ च्या मोहिमेसाठी दुधवाहून दोन हत्तिणी आणल्या होत्या. आंब्याच्या फांद्यांखालून, उंच गवतातून, माणसांनी पायी शोध घेणे जेथे धोक्याचे, तेथे त्या पुढे जात.