कमांड लाइनवरून टेक लाइव्हचा कारभार

टेकमध्ये मजकूर कसा लिहायचा हा आजचा विषय नाही. टेक संगणकावर आणायचं कसं, आणलेलं सांभाळायचं कसं, एवढंच आज पाहू. डोनाल्ड नूथ यांनी हे नाव ग्रीक ‘तेख्ने’वरून घेतलं. त्या शब्दात कला आणि कारागिरी दोन्ही येतात. कलेचं कौतुक आपण करतो, कारागिरीकडे मात्र दुर्लक्ष. मग प्रबंध द्यायला आठ दिवस उरलेले असताना पडद्यावर ‘फाइल सापडली नाही’ असं येतं.

टेक लाइव्ह म्हणजे टेक, लाटेक, फॉन्ट आणि हजारो पॅकेजेस यांचा एकत्र संच. पूर्ण घेतला तर सात-आठ जीबी. दवनीवाड्यात मोबाइलच्या नेटवर एवढं उतरवत बसण्यात अर्थ नाही. बसवतानाच लहान किंवा ‘बेसिक’ योजना निवडा आणि लागेल तसं वाढवत जा. वाढवणारा कारभारी म्हणजे ‘टीएलएमजीआर’, टेक लाइव्ह मॅनेजर. तो २००८च्या आवृत्तीपासून सोबत येतो. (कमांड मी बोलून सांगतोय, तुम्ही त्या लहान रोमन अक्षरांत टंकायच्या.)

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट. त्याच्या अक्षरांवरून आयआयटी मुंबईत ‘शोभिका’ तयार झाला. संस्कृत-मराठी अवतरणं आणि रोमन लिप्यंतर एकाच पानावर हवं असेल, तर तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो फार सोयीचा. ‘टीएलएमजीआर इन्फो शोभिका’ म्हणा. तो आधीच बसवलेला आहे का, किती जागा घेईल, परवाना कोणता, हे कळतं. मग ‘टीएलएमजीआर इन्स्टॉल शोभिका’. झालं.

अडचण येते ती फाइलचं नाव माहीत असतं, पॅकेजचं नसतं तेव्हा. त्यासाठी ‘सर्च’. त्यापुढे दोन डॅश देऊन ‘ग्लोबल’, पुन्हा दोन डॅश देऊन ‘फाइल’, आणि मग हरवलेल्या फाइलचं नाव. ‘ग्लोबल’ विसरलात तर तो फक्त तुमच्या संगणकात शोधेल. जे तिथे नाहीच ते त्याला कसं मिळणार? नैयायिकांच्या अभावाची आठवण येते, पण ते राहू द्या. एका पॅकेजला दुसरं लागतं याची सगळीच नोंद तिथे नसते, त्यामुळे हा शोध दोन-तीनदा घ्यावा लागतो. वैतागू नका.

अद्ययावत करताना आधी ‘अपडेट’पुढे दोन डॅश ‘लिस्ट’ द्या. काय बदलणार ते दिसतं, बदलत काही नाही. पटलं तर ‘सेल्फ’ आणि ‘ऑल’, प्रत्येकाआधी दोन डॅश. अपडेटनंतर एखादं पॅकेज बिघडलं, तर ‘रिस्टोअर’ आणि पॅकेजचं नाव: जुन्या प्रती दिसतात, त्यातला क्रमांक देऊन मागे जाता येतं. तरी माझं मत स्पष्ट आहे. प्रबंध सादर होईपर्यंत अपडेटला हात लावू नये.

टेक लाइव्हची आवृत्ती दरवर्षी नवी निघते आणि जुनी गोठते. गेल्या वर्षीचा कारभारी या वर्षीच्या भांडारातून माल घ्यायला नकार देतो, आणि लोक घाबरतात. बिघाड काही झालेला नसतो. नवी आवृत्ती वर्षाच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये बसते. जागा असेल तर जुनी पुसू नका, कारण दहा वर्षांनी तेच पुस्तक त्याच पानांवर, त्याच ओळी तुटून पुन्हा छापायचं असेल, तर तीच कामी येईल. जुन्या वर्षांची भांडारंही जपून ठेवलेली आहेत. ‘ऑप्शन रिपॉझिटरी’ देऊन त्यांचा पत्ता लावता येतो.

उबुंटूवाल्यांसाठी एक सूचना. टेक लाइव्ह उबुंटूच्याच भांडारातून घेतलं असेल, तर पॅकेजेसही तिथूनच, ‘एपीटी’ने घ्या. एका घरात दोन कारभारी नकोत.