‘धसका बसणे’ : आघातोपचार आणि अनुभवाची भाषा

भयंकर प्रसंगाने मनास झालेल्या इजेवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचे स्वतंत्र संघ ही अलीकडची घटना होय. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघाने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘आघातोत्तर तणाव विकार’ ह्यास प्रथम स्थान दिले. त्यानंतर १९८५ मध्ये आघातजन्य तणावाच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९८८ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. अशा संघांची कार्ये स्थूलमानाने तीन : संशोधन, उपचारकांचे प्रशिक्षण आणि लोकशिक्षण. पहिली दोन परिभाषेच्या आधारे चालू शकतात. तिसऱ्यास मात्र लोकभाषेवाचून गत्यंतर नाही. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांच्या अनुभवावरून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.३ होती. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे निवासास निरुपयोगी झाली. त्या वेळी वर उल्लेखिलेल्या विकारास नाव मिळाले नव्हते, आणि भारतातील चिकित्सक मानसशास्त्रज्ञांचा संघही १९६८ मध्ये, म्हणजे भूकंपानंतर, स्थापन झाला. पुढे कृष्णेच्या महापुरांनी २००५, २०१९ आणि २०२१ ह्या वर्षी सांगलीस वेढले. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली व अनेकांस जलसमाधी मिळाली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आदी वस्त्यांवर दरडी कोसळल्या. एव्हाना विकारास नाव होते, उपचारपद्धती होत्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक सूत्रेही प्रसिद्ध केली होती. प्रश्न उरतो तो हा की, हे ज्ञान आपद्ग्रस्तांपर्यंत कोणत्या शब्दांनी पोहोचावे?

प्रथम पारिभाषिक संज्ञेचाच विचार करू. ‘आघात’ हा शब्द भाषाभ्यासकांस स्वराघात, बलाघात ह्यांमुळे परिचित आहे. सामान्य माणसास तो पक्षाघात, उष्माघात अशा शारीरिक व्याधींमुळे ठाऊक असतो. ‘मनावर आघात’ हा प्रयोग रूढ असला तरी तो बहुधा लेखी भाषेतला. ‘आघातोत्तर’ ह्या सामासिक शब्दातील ‘उत्तर’ तर अधिकच विचार करावयास लावते. त्यात प्रसंग संपला, मागे परिणाम उरला, असे गृहीत धरलेले आहे. कोयनेच्या परिसरात भूकंपाचे लहान धक्के आजही अधूनमधून बसतात. नदीकाठी प्रत्येक पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाचे आकडे कान देऊन ऐकले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, धोका अद्याप समोरच आहे असे सतत वाटणे, हे ह्या विकाराचे एक प्रमुख लक्षण मानले आहे. जेथे धोका खरोखरीच वारंवार येतो, तेथे सावधपणा कोठे संपतो व विकार कोठे सुरू होतो, हे ठरविण्यास संबंधित व्यक्तीचे बोलणे बारकाईने ऐकण्यावाचून मार्ग नाही.

ते बोलणे कसे असते? ‘पाण्याचा धसका बसलाय’, ‘झोप लागत नाही’, ‘तीच स्वप्नं पडतात’, ‘सारखी आठवण येते’, ‘भीती वाटते’. निदानपुस्तिकेतील लक्षणांची यादी बहुतांशी ह्या साध्या वाक्यांत सामावलेली आहे. ह्या सर्व वाक्यांची रचना एकच आहे : धसका, झोप, स्वप्न, आठवण, भीती हे वाक्याचे कर्ते होत, आणि अनुभव घेणारा माणूस ‘त्याला’, ‘मला’ असा चतुर्थीत असतो. तो काही करीत नाही. त्याच्यावर काही तरी येते, पडते, बसते. ‘दचकणे’ हे क्रियापद कर्तरी असले तरी तेथेही तीच गोष्ट दिसते. ‘दचकू नकोस’ असे म्हणता येते. ‘दचक’ ही आज्ञा मात्र सहसा संभवत नाही.

अर्थात, व्याकरणावरून मनोव्यापारांविषयी घाईने अनुमान काढणे युक्त नव्हे. ‘मला आनंद झाला’ ह्या वाक्याची ठेवणही हीच आहे, आणि चतुर्थीतील अनुभवक हा भारतीय भाषांचा व्यापक विशेष आहे. जत तालुक्यात मराठीशेजारी बोलल्या जाणाऱ्या कन्नडातही तो आढळतो. चतुर्थी हे विकाराचे लक्षण नव्हे. तथापि, अनैच्छिक अनुभव आणि ऐच्छिक कृती ह्यांतील भेद भाषा दाखवीत असेल, तर उपचारकाने त्याकडे दुर्लक्ष का करावे?

सांत्वनाचे नेहमीचे शब्द ह्या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. ‘विसरून जा’ असे सांगणारा, जे आपोआप येते ते इच्छेने घालविण्यास सांगतो. मराठीत ‘मी विसरलो’ आणि ‘मला विसर पडला’ असे दोन प्रयोग आहेत. आपद्ग्रस्तास हवा असतो दुसरा, आणि आज्ञा होते ती पहिल्याची. ‘मन मोकळे कर’ हा उपदेशही निरपवाद नाही. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत सर्वांकडून प्रसंग वदवून घेण्याची पद्धत एके काळी प्रचलित होती. तिने पुढील विकार टळत नाही असे आढळल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करीत नाही. संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत तीन क्रिया सांगितल्या आहेत : पाहणे, ऐकणे आणि मदतीशी जोडून देणे. वदवून घेणे त्यांत नाही.

ज्यांचा त्रास महिनोन्‌महिने टिकतो, त्यांना मात्र प्रशिक्षित उपचारकाची आवश्यकता असते. आघातकेंद्री उपचारांत सुरक्षित वातावरणात, रुग्णाच्या गतीने त्या स्मृतीकडे पुन्हा वळले जाते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘मला आठवते’ येथपासून ‘मी सांगतो’ येथपर्यंतचा हा प्रवास होय. स्मृती नाहीशी होत नाही. ती सांगणारा कर्तृपदी येतो. हा प्रवास ज्याने त्याने आपल्या बोलीतच करावयाचा असतो.

ही केवळ सौजन्याची बाब नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात उपचारास द्यावयाच्या संमतीची व्याख्या करताना, माहिती त्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत व रीतीने दिलेली असावी, असे म्हटले आहे. यास्तव व्यावसायिक संघांनी लोकशिक्षणाची पत्रके इंग्रजीवरून भाषांतरित करण्यापूर्वी धसका, धास्ती, हाय खाणे, भेदरणे, हबकणे ह्या शब्दांच्या अर्थच्छटा गावोगावच्या बोलण्यातून नोंदवून घेणे अगत्याचे आहे. ह्या कामात भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास क्षेत्रकार्याचा एक उपयुक्त विषय आहे. पुढचा पूर येण्यापूर्वी ही नोंद सिद्ध असेल, तर आरोग्यसेविकेच्या हाती पडणारे पत्रक वाचून ‘हे आपल्याविषयीच आहे’ असे निदान काही जणांना तरी ओळखता येईल. आणि ही ओळख पटल्याशिवाय मदत मागण्यास कोणी सहसा पुढे येत नाही.