पार्लरचा क्लास: फी आणि फेड

पुण्यात सौंदर्योपचाराचे शिक्षण अगदी वेगवेगळ्या दरांत मिळते. शासकीय आयटीआयमध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालणारा कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम दहावीनंतर एक वर्षाचा असून त्याची फी नाममात्र असते. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील अल्पमुदतीचे प्रशिक्षण विनामूल्य असते. गल्लोगल्लीच्या पार्लरमधील घरगुती क्लास काही हजारांत होतो, तर नामांकित अकादमीच्या पदविकेसाठी लाखाच्या पुढे मोजावे लागतात. दर एवढे वेगळे असताना शिकून बाहेर पडणारीची पहिली कमाई मात्र त्या प्रमाणात वेगळी असतेच असे नाही, आणि या विसंगतीचा विचार क्लास लावण्यापूर्वी होणे फार गरजेचे आहे.

फी हा खर्चाचा एकच भाग आहे. शिकण्याच्या काळात जी कमाई हातची जाते, तिला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात, आणि कमी फीच्या अभ्यासक्रमात तोच सर्वांत मोठा ठरतो. हिशेबाची रीत दाखवण्यापुरते काही आकडे धरता येतील. दुकानात किंवा पार्लरमध्ये मदतनीस म्हणून महिना 12,000 रुपये मिळवू शकणाऱ्या मुलीने नऊ महिन्यांची, 1,50,000 रुपये फीची पदविका घेतली, तर बुडालेली कमाई 1,08,000 रुपये होते. किट आणि प्रवास यांचे 22,000 धरले की एकूण खर्च 2,80,000 रुपयांवर जातो. पदविकेनंतर तिला 16,000 रुपये मिळू लागले, तर शिक्षणामुळे वाढलेली कमाई महिना 4,000 रुपयेच असते, कारण 12,000 तिला शिक्षणाविनाही मिळत होतेच. म्हणजे खर्च भरून निघायला सत्तर महिने, जवळजवळ सहा वर्षे लागतात. आयटीआयच्या वर्षात 1,44,000 रुपयांची कमाई बुडाली आणि इतर खर्च 16,000 रुपये झाला, तर हीच फेड चाळीस महिन्यांत होते. खासगी क्लासच्या बाबतीत आणखी एक चौकशी आधीच करावी, ती अशी की सांगितलेल्या फीमध्ये 18 टक्के जीएसटी धरलेला आहे किंवा नाही. दीड लाखावर तो 27,000 रुपये होतो.

कमाई वाढते ती हात बसल्यावर, आणि हात किती दिवसांत बसेल हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. भुवया कोरण्याचेच काम पाहावे. सुती दोऱ्याचे एक टोक दातांत धरून, उरलेला दोरा बोटांवर ताणून त्याला पीळ दिला जातो आणि तो पीळ पुढे-मागे सरकवत केस मुळासकट उपटले जातात, तेव्हा समोरची बाई स्वतःच्या बोटांनी पापणी ताणून धरते. साहित्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो, परंतु एक ओढ चुकली तर ती चूक कित्येक दिवस चेहऱ्यावर दिसते. ही क्रिया एका दिवसात दाखवता येते. दोन्ही भुवया सारख्या येण्यासाठी मात्र शेकडो चेहऱ्यांवर सराव लागतो. पुष्कळ क्लासमध्ये सरावाला लागणारी ‘मॉडेल’ विद्यार्थिनीनेच आणायची असते, आणि मावश्या, मैत्रिणी, शेजारणी संपल्या की सराव थांबतो. म्हणून प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाच्या महिन्यांपेक्षा प्रत्यक्ष गिऱ्हाइकावर किती तास काम करायला मिळेल हे विचारणे अधिक उपयोगाचे असते. झुरिकस्थित सिडेस्को या 1946 साली स्थापन झालेल्या संस्थेची पदविका किमान 1,200 तासांची असते. परदेशी किंवा जहाजावर काम करू इच्छिणारीला तिचा उपयोग होऊ शकतो, पण धनकवडीत किंवा हडपसरात दोन खुर्च्यांचे पार्लर काढणारीला गिऱ्हाईक ती पदविका सहसा विचारत नाही.

आपल्याकडे पार्लर चालवण्यासाठी वैयक्तिक व्यवसाय परवान्याची अट नाही. थोड्या कामगारांच्या छोट्या आस्थापनेने 2017 च्या राज्य कायद्यानुसार केवळ सूचना द्यायची असते. त्यामुळे प्रमाणपत्राविना शिकलेली कुशल बाई पदविकाधारक मुलीशी थेट स्पर्धा करते. त्यातच कमाई हंगामी असते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की वधूच्या मेकअपच्या ऑर्डर येतात, श्रावणात मंगळागौर आणि पुढे गौरी-गणपती थोडा हात देतात, पितृपंधरवड्यात काम मंदावते, आणि 2026 सालच्या अधिक ज्येष्ठासारखा 17 मे ते 15 जून असा ऐन लग्नसराईत पडणारा महिना वर्षाचा अंदाजच बदलतो. क्लासच्या जाहिरातीतील मासिक कमाई बहुधा चांगल्या महिन्याची असते.

अमेरिकेत फी आणि कमाई यांचा हा हिशेब सरकारने हाती घेतला. तेथे या कामाला राज्याचा परवाना लागतो आणि शिक्षण बहुधा सरकारी मदतीवर व कर्जावर होते. म्हणून 2014 च्या नियमांनी पदवीधरांचे कर्जहप्ते त्यांच्या वार्षिक कमाईच्या 8 टक्क्यांच्या, अथवा जगण्याचा मूलभूत खर्च वजा जाता उरणाऱ्या कमाईच्या 20 टक्क्यांच्या आत असावेत, असा निकष घातला. टिपची रोख कमाई नोंदीत येत नसल्याने आमची आकडेवारी खोटी दिसते, असे म्हणत सौंदर्यशिक्षण संस्थांची संघटना 2017 मध्ये न्यायालयात गेली आणि तिला काही अंशी दिलासाही मिळाला. नियम 2019 मध्ये रद्द झाले, 2023 मध्ये नव्या रूपात परत आले. पुण्यातही पुष्कळशी कमाई रोखीची असल्याने मोजणी अवघड आहे, हे खरेच. तरीही दीड लाख घेणाऱ्या संस्थेने मागील तुकडीतील किती जणी वर्षभरानंतर याच कामात टिकल्या एवढे तरी लेखी सांगावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

खर्च कमी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग शिकताना कमावण्याचा आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 अंतर्गत 2019 मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांत दहावी उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना 6,000 रुपये ठरले. वरच्या हिशेबात ते धरले, तर वर्षभरात बुडणारी कमाई 72,000 रुपयांवर येते आणि ती अठरा महिन्यांत भरून निघते. अडचण अशी की या तरतुदीचा लाभ किमान चार जणांच्या आस्थापनेलाच घेता येतो, आणि जेथे पुण्यातील मुली खरोखर काम शिकतात ती दोन-तीन जणींची पार्लरे त्यामुळे बाहेर राहतात. अशा चार-पाच पार्लरांना मिळून एक शिकाऊ उमेदवार घेता येईल अशी सोय नियमांत करणे हे नव्या अकादमीपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.