गरोदरपणातील गर्भाशयमुखाची तपासणी : भीती नको, विसरही नको

लेक किंवा सून गरोदर असली की तिची फाईल बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या बाईंच्या पिशवीत असते. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, सोनोग्राफी हे शब्द आता आजीबाईंच्याही परिचयाचे झाले आहेत. परंतु त्याच फाईलमध्ये कधी ‘पॅप तपासणी’ किंवा ‘कॉल्पोस्कोपी’ असे लिहिलेली चिठ्ठी निघते आणि घर धास्तावते. पोटात बाळ असताना तिथे हात कशाला लावायचा, हा प्रश्न मला दवाखान्यात अनेकदा विचारला जातो आणि तो विचारणे योग्यच आहे. त्याचे उत्तर घरातील ज्येष्ठांना नीट ठाऊक असावे, कारण पुष्कळ घरांत गर्भवतीने तपासणी करून घ्यावी की नाही, हे त्यांच्याच शब्दावर ठरते.

तपासतात काय?

गर्भाशयाचा खालचा, योनिमार्गात उघडणारा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. त्याच्या पृष्ठभागावरील पेशींत कर्करोगाच्या कितीतरी आधी सूक्ष्म बदल होऊ लागतात. हे बदल वेळीच ओळखण्याची पद्धत जॉर्ज पापानिकोलाउ या ग्रीसमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेल्या वैज्ञानिकाने विकसित केली. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्याच नावावरून या तपासणीला ‘पॅप’ म्हणतात.

तपासणीला दोन-तीन मिनिटे लागतात. स्पेक्युलम नावाच्या साधनाने योनिमार्ग हलकेच उघडून मऊ ब्रशने किंवा लाकडी पट्टीने गर्भाशयमुखावरच्या काही पेशी घेतात. भूल लागत नाही, टाका पडत नाही. बाळ वर, गर्भजलाच्या पिशवीत सुरक्षित असते आणि गर्भाशयाचे तोंड गरोदरपणात घट्ट चिकट स्रावाने बंद झालेले असते. ब्रश बाळापर्यंत पोहोचत नाही. या तपासणीने गर्भपात होतो, ही समजूत निराधार आहे.

गरोदरपणात या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने तपासणीनंतर एखादा दिवस रक्ताचा किंचित डाग दिसू शकतो. मात्र अंगावरून जास्त जाऊ लागले, पोटात कळा आल्या किंवा पाणी जाऊ लागले, तर कारण काहीही असो, ताबडतोब रुग्णालय गाठावे. सोनोग्राफीत वार खाली असल्याचे सांगितले असेल, तर तेही तपासणीपूर्वी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

प्रत्येक गर्भवतीला ही तपासणी लागते का?

नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग अतिशय सावकाश वाढतो. पेशींत बदल सुरू झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत सर्वसाधारणपणे पंधरा-वीस वर्षे जातात. म्हणून बाविशीतल्या निरोगी मुलीची पहिल्या गरोदरपणात ही तपासणी झाली नाही, तर त्यात काही चुकले असे समजू नये. मात्र जिचे वय तिशीच्या पुढे आहे आणि जिची तपासणी कधीच झालेली नाही, जिचा पूर्वीचा अहवाल सदोष होता पण पुढची तपासणी राहून गेली, जिला एचआयव्हीची लागण आहे, किंवा जिला संबंधानंतर रक्तस्राव अथवा दुर्गंधीयुक्त स्राव होतो, तिच्या बाबतीत डॉक्टर ही तपासणी सुचवतात. गरोदरपणातील रक्तस्राव ‘उष्णतेने झाला असेल’ म्हणून घरी बसून पाहण्याची गोष्ट नव्हे.

देशोदेशींच्या रीती येथे भिन्न आहेत. ब्रिटनमध्ये आधीचे अहवाल निर्दोष असतील, तर नेहमीची तपासणी प्रसूतीनंतर १२ आठवड्यांपर्यंत पुढे ढकलतात. अमेरिकेत तपासणीची वेळ झालेली असेल, तर ती गरोदरपणातील पहिल्या भेटींतच उरकतात. दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत. पण ब्रिटनमध्ये तपासणीची आठवण देणारे पत्र घरपोच येते, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे असे पत्र येत नाही. बऱ्याच स्त्रिया डॉक्टरांसमोर येतात त्या गरोदरपणातच, आणि नंतर थेट दुसऱ्या खेपेला. त्यामुळे तिशीपुढील गर्भवतीची तपासणी पहिल्या काही महिन्यांत करून घेण्याकडे एखाद्या डॉक्टरांचा कल असेल, तर त्यामागे हे व्यावहारिक कारण असते.

अहवाल सदोष आला तर?

सर्वांत आधी हे समजून घ्यावे की ‘असामान्य पेशी’ म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा हे सौम्य बदल असतात आणि त्यांतील बरेचसे आपोआप मावळतात. गरोदरपणातील संप्रेरकांमुळेही पेशींचे रूप थोडे पालटते.

या बदलांमागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. त्याचा या कर्करोगाशी असलेला संबंध उलगडल्याबद्दल जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांचा त्याच्याशी केव्हातरी संपर्क येतोच. तो शरीरात वर्षानुवर्षे निमूट राहू शकतो. म्हणून अहवालावरून सुनेच्या किंवा मुलाच्या वर्तनाविषयी तर्क लढवणे हे अज्ञानाचे आहे आणि क्रूरही. त्यावरून झालेली कुजबुज मी घरांत पाहिली आहे. तिने आजारापेक्षा अधिक नुकसान केलेले पाहिले आहे.

अहवाल सदोष आल्यास पुढची पायरी कॉल्पोस्कोपीची. यात गर्भाशयमुखाला सौम्य आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण, लावून भिंगातून ते पाहतात. बदललेल्या पेशींचा भाग पांढरट दिसतो. हीदेखील गरोदरपणात सुरक्षित आहे. गंभीर बदलाची शंका असेल तरच छोटा तुकडा तपासणीसाठी घेतात. गर्भाशयमुखाच्या आतला भाग खरवडून पाहणे मात्र गरोदरपणात टाळतात.

कर्करोग नसेल, तर उपचार सहसा प्रसूतीनंतरच केले जातात. गरोदरपणाच्या काही महिन्यांत या बदलांचे कर्करोगात रूपांतर होणे फार विरळ असते. उलट उपचाराची घाई केल्यास रक्तस्राव होण्याचा संभव असतो. म्हणून ‘थांबू या’ या डॉक्टरांच्या शब्दाचा अर्थ हेळसांड असा घेऊ नये. केवळ या बदलांपायी सिझेरियन करावे लागत नाही आणि असामान्य पेशी बाळाकडे जात नाहीत. क्वचित प्रत्यक्ष कर्करोग आढळलाच, तर गरोदरपणाचा महिना आणि रोगाची अवस्था पाहून तज्ज्ञ कुटुंबाशी बोलून निर्णय घेतात.

खरा धोका विसरण्याचा

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दुसऱ्या खेपेची एक गर्भवती आली. पहिल्या बाळंतपणाच्या फाईलमध्ये, सोनोग्राफीच्या कागदांमागे, एक अहवाल होता. त्यावर ‘प्रसूतीनंतर पुन्हा दाखवावे’ असे स्पष्ट लिहिलेले होते. मधल्या चार वर्षांत तो कागद कोणी उलटून पाहिला नव्हता. बाळंतीण माहेरी, रुग्णालय सासरच्या गावी, आणि बाळाच्या धावपळीत आईचे नाव मागे पडले. कॉल्पोस्कोपीत बदल वाढलेले दिसले, पण कर्करोग नव्हता. तिला लक्ष ठेवून सांभाळले आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर दोषी भाग काढून टाकण्याची लहानशी शस्त्रक्रिया झाली. या वेळी ठरलेल्या तारखेला तिच्या सासूबाई स्वतः बाळाला सांभाळायला रुग्णालयात आल्या होत्या. आज ती बरी आहे.

बाळंतपणानंतर घरातले सगळे लक्ष बाळाकडे वळते. बारसे, मालिश, शेक, डिंकाचे लाडू यांत काही विसरले जात नाही. विसरला जातो तो आईचा कागद. यावर एक सोपा उपाय सुचवतो. बाळाच्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. डॉक्टरांनी वेगळी तारीख दिली नसेल, तर १४ आठवड्यांच्या लसीचा दिवस हाच आईच्या राहिलेल्या तपासणीचा दिवस धरावा आणि तो बाळाच्या लसीकरण कार्डावरच लिहून ठेवावा. ते कार्ड घरात कोणी हरवत नाही. लेक माहेरी असेल, तर अहवालाची एक प्रत दोन्ही घरी असावी. एका आजीबाईंनी कागद जपावा, दुसऱ्यांनी तारीख.

आणि आपले स्वतःचे?

सुनेची फाईल सांभाळणाऱ्या किती आजीबाईंची स्वतःची तपासणी झाली आहे? आपल्या देशात २०२२ सालच्या अंदाजानुसार या कर्करोगाचे वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. तपासणीने काय साधते, हे आपल्याच मातीतील अभ्यासाने दाखवून दिले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटाला एचपीव्हीची एकदाच तपासणी देऊ केली, त्यात या कर्करोगाने झालेले मृत्यू नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते.

शासनाच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आम्ल लावून गर्भाशयमुख पाहण्याची तपासणी सांगितली आहे. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची चौकशी करावी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी वय कितीही असो, लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे.

पुढच्या खेपेला लेकीबरोबर दवाखान्यात जाल, तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा : हिची तपासणी कधी करायची आणि माझी कधी?